बसून चाललेली चौदा हजार पावलं

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा उभ्याने नमस्कार.

‘तू बस गं. तुला बसायला छान जमतं.’ हे वाक्य तुला आठवत नसणार. शाळेमागच्या मैदानात, उजव्या पायातली चप्पल काढता काढता तू ते म्हणाला होतास. मी नऊ वर्षांची, तू तेरा. पळायच्या शर्यतीत मला घेतलं की तो गट हरणार हे ठरलेलं, आणि न घेतलं तर मी रडत घरी जाऊन आईला सांगणार हेही ठरलेलं. त्यावर तू हा तोडगा काढलास. सगळ्यांनी आपापल्या चपला माझ्यापुढे काढल्या आणि मी त्या राखत बसले. अकरा जोड. एकही कधी हरवला नाही. (एकदा तर मोजले तेव्हा बारा भरले. तो बारावा जोड कुणाचा, हे आजतागायत कळलेलं नाही.) त्या वर्षी माझं दुसरं कुणीच कसलंच कौतुक केलं नव्हतं, त्यामुळे तुझं म्हणणं मी कौतुक म्हणूनच घेतलं आणि पुढे बसण्यातच करिअर केलं. चोवीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसून आहे. तू पळत राहिलास, कप आणत राहिलास, आणि आई ते कप पुसून कपाटावर मांडत राहिली. मी कपाटाकडे बघायची आणि मनात म्हणायची, चपला कुणी राखल्या ते या कपांना विचारा.

तर हे पत्र मी कारखान्यातल्या बेतायच्या टेबलापाशी उभी राहून लिहिते आहे. (तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे कापड बेतून देणाऱ्याला मास्तर म्हणतात. हे टेबल त्यांचं. दुपारच्या सुट्टीत मला वापरायला देतात, पण शाईचा डाग पडला तर कात्री कुठे चालेल ते सांगता येत नाही, असंही म्हणतात.) अर्ध्या तासाहून जास्त एका जागी बसायचं नाही असं मला सांगितलेलं आहे आणि हल्ली मी सांगितलेलं ऐकते. हे वाचून तू चष्मा वर करशील. कर.

तुझी प्रकृती उत्तम असेलच. तुला विचारलं की तू ‘उत्तम’ म्हणतोस. वहिनीला विचारलं की ती म्हणते, ‘तुझ्याकडे ऊन पडलंय का गं?’ यावरून मला जे समजायचं ते समजतं. तुझं घड्याळदुरुस्तीचं दुकान छान चाललेलं असेल. त्या चाकाच्या स्टुलावरून तू दिवसभर या कपाटाकडून त्या कपाटाकडे सरकत असशील, आणि वहिनीने चालायचा विषय काढला की म्हणत असशील, ‘माझं आयुष्यभराचं पळून झालंय.’ हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकताना मीही ओठ हलवते. दादा, पळणं पेटीत घालून ठेवता येत नाही रे. असो. मी उपदेश करायला पत्र लिहीत नाही, फुशारकी मारायला लिहिते आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

दीड वर्षापूर्वी मला साखरेचं कळलं तेव्हा तू फोनवर म्हणालास, ‘ये, आमच्यात ये.’ जणू मी तुमच्या मंडळाची वर्गणीच भरली होती. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार आली होती. त्या म्हणाल्या, गोळ्या देते, खाण्याचं सांगते, पण चालावं तुम्हालाच लागेल, ते मी लिहून देऊ शकत नाही. मग समजावून सांगितलं. आपले स्नायू म्हणजे साखरेची गिऱ्हाइकं. ती कामाला लागली की रक्तातली साखर उचलतात, आणि रोज कामाला लागली तर इन्शुलिनचंही जास्त ऐकायला लागतात. तुम्ही तर सगळी गिऱ्हाइकं चोवीस वर्षं झोपवून ठेवली आहेत. दुकानदारीतलं उदाहरण दिल्यावर मला पटलं. मी घरी येऊन लेकीला सांगितलं, आणि तिने पावलं मोजणारा पट्टा आणून दिला. काळा, घड्याळासारखा. तुझ्या दुकानात आणला तर तू चिमट्याने उचलून बाजूला ठेवशील असा.

आता इथे माझी चूक झाली, आणि ती चूक शिवणाऱ्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाची होऊच शकत नाही. पट्टा हाताला बांधायचा असतो. पण माझा हात दिवसभर सुईच्या आसपास असतो. दोनदा त्या पट्ट्यात दोरा अडकला, एकदा तर एका मुलाच्या गणवेशाच्या खिशाबरोबर पट्टाही शिवला गेला असता. म्हणून मी तो घोट्याला बांधला, मोज्याच्या आत. लेकीला म्हटलं, पावलं पायाची असतात, मग पट्टा पायाला का नको? तिला उत्तर सुचलं नाही. (नंतर म्हणाली, सुचलं होतं, पण तुझ्या हातात कात्री होती.) पहिल्याच संध्याकाळी पट्टा म्हणाला, चौदा हजार दोनशे पावलं. मी थक्क झाले. घरातून कारखान्यात आणि कारखान्यातून घरी, एवढ्यात चौदा हजार! मला वाटलं, आपण सबंध आयुष्यभर चालतच होतो, फक्त कुणी मोजलं नव्हतं.

तेव्हाच मी तुला फोन केला होता. आठवतं? ‘दादा, चौदा हजार.’ तू म्हणालास, ‘थापा नको मारूस.’ मी म्हटलं, यंत्र बोलतंय. पुढचे दोन महिने मी तुला दर रविवारी आकडा कळवत होते, आणि प्रत्येक वेळी तू फोन वहिनीकडे देत होतास. खरं सांगू? माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे रविवार. जिना चढून आल्यावर दम लागायचा, तो मी इतकं चालून दमल्यामुळे लागतो असं समजत होते.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. साखर होती तिथेच, आरामात. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मग मी अभिमानाने लिहून नेलेले आकडे वाचले आणि म्हणाल्या, ‘इतकं चालता, मग या साखरेला कुणी कळवलं नाही का?’ कधी चालता, विचारलं. मी म्हटलं, कामावर. काय काम? शिवणकाम. मशीन कसली? पायाची. दादा, त्या खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि म्हणाल्या, ‘मोजा खाली करा.’ मी केला. मग म्हणाल्या, मशीन चालवता तशी चालवून दाखवा. मी बसल्या जागी पाय हलवले, पट्ट्यावरचा आकडा सुरसुर वाढायला लागला आणि त्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग दारातून कंपाउंडरला बोलावलं आणि मला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. कंपाउंडर गंभीर माणूस. तो म्हणाला, ‘बाई, बसून चौदा हजार चालणारं आपल्याकडे दुसरं कुणी नाही.’ बघ, बसण्यातही मी पहिलीच आले. पाय हलवता ते वाया जात नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण चालणं म्हणजे अख्खं अंग उचलून पुढे नेणं, ते अजून सुरूच व्हायचंय.

ही कबुली. ते सगळे रविवार खोटे होते. आता तू हसून घे, वहिनीला हाक मारून वाचून दाखव, मी इथे थांबते.

हसलास? बरं. आता पुढचं खरं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर जायला लागले. आमच्याकडचं मैदान आपल्या शाळेमागच्यासारखंच आहे, कडेने पायवाट, फाटकाशी एक बाक. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि बाक दिसला. मी त्याच्याकडे अशी गेले जशी माहेरी जावी. दुसऱ्या दिवशी पाऊण फेरी. पंधरा दिवसांनी दोन. मोजायची सवय असल्याने मी टेपने माझं पाऊल मोजलं. बावीस इंच. (तुझं तेव्हा अडतीस होतं. पळताना. आईने खडूने खुणा करून मोजलं होतं, तुला माहीत नाही.) मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, पावलात दोन इंच माया सोड, पुढे लागेल. त्यांना कुठलीही गोष्ट शिवणीतच कळते. पण आज ते पाऊल पंचवीस आहे.

मधे एक फजिती झाली तीही सांगते, कारण तुला कुठूनतरी कळेलच. एके सकाळी उशीर झाला म्हणून मी काही न खाता, पण गोळी मात्र घेऊन, तरातरा चालायला गेले. तीन फेऱ्या केल्या, माझ्यावर खूश झाले, आणि परत येताना रस्त्यात हात थरथरायला लागले, घाम सुटला, समोरची दुकानं हलकेच डावीकडे सरकायला लागली. जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात शिरले आणि जी पहिली खुर्ची दिसली तिच्यात बसले. ती न्हाव्याची खुर्ची होती. न्हावी सवयीने वागला. एका क्षणात माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड, खुर्ची वर, आणि प्रश्न, ‘मध्यम ठेवू की बारीक?’ मी म्हटलं, साखर. तो म्हणाला, आं? मी म्हटलं, साखर द्या हो, चिमटीभर नको, मूठभर. त्याच्या घरी कुणाला तरी असणार, कारण त्याने लगेच चार चमचे साखर घातलेला चहाच माझ्या हातात दिला आणि कप धरून उभा राहिला. दहा मिनिटांनी दुकानं आपापल्या जागी परत आली. एवढं केल्यावर नुसतं उठून जाणं बरं दिसेना, म्हणून मी कानाजवळचे केस कापून घेतले. डावीकडे जरा जास्त गेले. तेव्हापासून खिशात खडीसाखर असते आणि रिकाम्या पोटी मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळीची वेळही बदलून दिली. न्हावी मला बघितलं की कात्री उंच करून सलाम करतो.

आता फुशारकी. सावरून बस. (तू स्टुलावर आहेस ना? मग उठून खुर्चीत बस.) सरासरी सहा पूर्णांक आठ. एक गोळी कमी झाली, बाकीच्या चालू आहेत आणि चालू राहतील, त्याचं मला काही वाटत नाही. रोज पस्तीस मिनिटं चालते, जेवणानंतर दहा मिनिटं वेगळी. दोन दिवसांआड कापडाचे तागे उचलून वरच्या फळीवर ठेवते आणि पुन्हा खाली आणते. आधी मास्तरांना वाटलं मी त्यांचं सामान उचकते आहे, आता तेच मोजतात. कारखान्याच्या अठ्ठावन्न पायऱ्या न थांबता, आणि वर पोचल्यावर बोलत. माझा कामावरचा कोट मी चार वेळा आत घेतला. चौथ्यांदा घेताना मास्तर टेप गळ्यात टाकून आले, कमरेचं माप घेतलं, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलले. म्हणाले, ‘हल्ली तुझी शिवण सरळ येते.’

त्यांचं वाक्य थट्टा नव्हती, दादा. शिवण सरळ येते त्याचं कारण मनाचं आहे आणि कुणाला सांगायला अवघड आहे, म्हणून लिहिते. साखरेचं कळल्यापासून मी रोज सकाळी पलंगावर बसून माझ्या पायांची बोटं मोजायची. दहा भरायची, तरी पुन्हा मोजायची. तुला कळेल का. बाबांची ती डाव्या पायाची चप्पल, शेवटच्या दोन वर्षांत कोरीच राहिली. आई रोज दोन्ही दाराशी मांडायची, बाबा एकीत पाय घालायचे आणि कुबडी घ्यायचे. आपण त्या आजाराचं नावही घरात काढलं नाही. चपला राखणं माझं काम होतं ना, म्हणून ती चप्पल माझ्या डोळ्यांपुढून कधी हललीच नाही. ती भीती शिवताना हातात उतरायची. बाह्या वाकड्या लागायच्या, दोरा तुटला तरी रडू यायचं, लेकीवर उगाच ओरडायचे. चालायला लागले आणि तीन-चार आठवड्यांनी लक्षात आलं की मी बोटं मोजायची विसरले. झोप लागायला लागली, अशी की लेक येऊन बघून जाते. चालताना पहिली फेरी काळजीची असते, दुसरी कुणावर तरी रागावण्यात जाते, (बहुधा तुझ्यावर) आणि तिसरीत डोकं रिकामं होतं. पाय आपले आपण चालतात. मला माझ्याच पायांचा असा अभिमान वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चपला राखायला बसवलं असतं.

शेवटची आणि मोठी बातमी. येत्या रविवारी सकाळी सात वाजता डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या साखरेच्या सगळ्या पेशंटांची मैदानात चालण्याची फेरी ठेवली आहे. शर्यत नाही, कप नाही. पण सगळ्यांच्या पुढे एकाने झेंडा घेऊन चालायचं आहे, आणि तो मान मला दिला आहे. कंपाउंडरचं म्हणणं, माझं नाव एकमताने ठरलं. झेंड्याचं कापड मीच शिवलं. दोन्ही कडा दुहेरी दुमडून. एकदा उलगडून बघितलं आणि पुन्हा नीट घडी घातली.

वहिनीला माझा नमस्कार. लेक तुम्हां दोघांना नमस्कार सांगते. मास्तर टेबल मागताहेत, म्हणून थांबते.

तुझी,
धाकटी, आता मोजून पंचवीस इंची

ता. क. पत्राबरोबर खोकं आहे. त्यात बूट आहेत, तुझ्या मापाचे, किंचित रुंद. आतून हात फिरवून बघितलं आहे, बोचेल अशी एकही शिवण नाही, एक होती ती मी काढून पुन्हा घातली. तुझं माप कुठून मिळालं असं विचारू नकोस, पुढे वाच.

ता. क. २. विचारणारच. गेल्या महिन्यात तू आमच्याकडे आलास, अनवाणी माझ्या शिवणाच्या खोलीतून फिरलास, चहा प्यायलास, आंतरशालेय शर्यतीची गोष्ट शेवटच्या वळणासकट सांगितलीस आणि दिवाणावर झोपलास. मी पायाचं माप घ्यायला टेप घेऊन आले. तुझ्या डाव्या तळव्यात माझी टाचणी होती. डोक्यापर्यंत आत. तू तिच्यावर सबंध खोली चाललास, दोनदा. मी ती काढली, धुतलं, पट्टी लावली, आणि तू घोरतच राहिलास. मी तुला उठवलं नाही. पट्टी कसली म्हणून तू विचारलंस तेव्हा खरचटलंय म्हटलं. तेही खोटंच. वहिनीला सगळं सांगितलं आहे, ती रोज रात्री तू झोपलास की तुझे तळवे बघते. जखम भरली, पण शुक्रवारचा तुझ्या पायांसाठी डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. त्याला नाही म्हणायचं नाही, ती विनंती नाही, ते आम्ही दोघींनी ठरवलं आहे. टाचणी माझ्याकडे आहे, टाचण्यांच्या उशीत वेगळी टोचून ठेवली आहे. तिने मी आता काही टाचत नाही.

ता. क. ३. विनंती आहे ती ही, आणि तू नाहीच म्हणणार हे गृहीत धरून लिहिते. ‘माझं आयुष्यभराचं’ इथपर्यंत तू आलाही असशील. तरी ऐक. रविवारी सातला मैदानावर ये. चालायला सांगत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तर नाहीच. फेरीसाठी मी बूट घालणार, त्यामुळे माझ्या चपला फाटकाशी राहतील, आणि बाकीच्यांच्याही. कंपाउंडरने मोजलं, अकरा जोड होतात. कुणीतरी राखायला हवं. ते नवे बूट पायात घालून ये आणि बाकावर बस. मी झेंडा घेऊन समोरून जाईन तेव्हा हातसुद्धा हलवू नकोस, फक्त चपला मोजत राहा.

तू बस रे. तुला बसायला छान जमतं.